सिंगापूरला नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी : सरकारी सूचना कशी वाचावी

सिंगापूरला नव्याने आलेली मराठी कुटुंबे पहिल्या महिन्यात घरभाडे, मुलांची शाळा आणि चांगले गव्हाचे पीठ कुठे मिळते, हे तीन प्रश्न हमखास विचारतात. सरकारी सूचना निघते कोठून, ती खरी आहे हे ओळखायचे कसे आणि तिच्यातला कोणता शब्द बंधनकारक असतो, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते हा प्रश्न घरभाड्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण येथील सरकार लोकांशी बरेच बोलते, मोजूनमापून बोलते आणि आपण ते नीट वाचले आहे असे गृहीत धरून पुढचे पाऊल टाकते. मी येथे सार्सची साथ ओसरल्यानंतर आलो आणि तेव्हापासून येथेच आहे. एवढ्या वर्षांत जे शिकलो, ते येथे सविस्तर लिहितो.

हिल स्ट्रीटवर रंगीबेरंगी खिडक्यांची एक जुनी इमारत तुम्ही पहिल्याच आठवड्यात पाहाल. १९३४ साली पोलीस ठाणे म्हणून बांधलेल्या या इमारतीला ९२७ खिडक्या आहेत आणि माहितीचा कारभार पाहणारे मंत्रालय तेथे आहे. त्याचे नाव अनेकदा बदलले. १९५९ साली स्वशासन मिळाले, तेव्हा हे काम सांस्कृतिक मंत्रालयाकडे होते आणि एस. राजरत्नम हे त्याचे पहिले मंत्री होते. १९९० मध्ये माहिती आणि कला मंत्रालय झाले, २०१२ मध्ये दळणवळण आणि माहिती मंत्रालय, आणि जुलै २०२४ पासून ते डिजिटल विकास आणि माहिती मंत्रालय म्हणून ओळखले जाते. नवागताला यातून लक्षात ठेवायचे ते एवढेच, की जुन्या कागदांवर जुनी नावे दिसली तरी खाते तेच आहे. या मंत्रालयाच्या माहिती सेवेतील अधिकारी वेगवेगळ्या मंत्रालयांत नेमले जातात. त्यामुळे आरोग्य, मनुष्यबळ आणि शिक्षण ही खाती आपापली पत्रके स्वतंत्रपणे काढत असली, तरी त्यांची भाषा, मांडणी आणि वेळ यांत एक शिस्त दिसते.

महाराष्ट्रातून येताना आपण माहितीची वेगळी सवय घेऊन येतो. तेथे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत माहिती अधिकारी आहेत, शासन निर्णयही संकेतस्थळावर येतात. परंतु एखादा निर्णय होणार असल्याची बातमी बहुधा त्याच्या आधीच ‘सूत्रांच्या’ हवाल्याने फुटते, मग तिचा इन्कार होतो, मग मुदतवाढ मिळते आणि शेवटी नियम लागू होतो तेव्हा मूळ तारीख कोणाच्याच लक्षात नसते. त्यामुळे ‘बघू, पुढे ढकलतील’ असे म्हणण्याची वृत्ती आपल्यात मुरलेली असते. ती येथे सोडून द्यावी. येथे महत्त्वाचे बदल बहुतेक ठरलेल्या हंगामात जाहीर होतात: फेब्रुवारीत अर्थसंकल्प मांडला जातो आणि त्यानंतर मार्चपर्यंत संसदेत प्रत्येक मंत्रालयाच्या खर्चावर जी चर्चा होते, तिच्यात मंत्री पुढील वर्षाचे धोरण सांगतात. एम्प्लॉयमेंट पासाची (परदेशी व्यावसायिकांच्या नोकरीच्या परवान्याची) कॉम्पास ही गुणपद्धती मार्च २०२२ मध्ये जाहीर झाली आणि नव्या अर्जांना १ सप्टेंबर २०२३ पासून लागू झाली. त्याच पासासाठीची किमान पगाराची अट दरमहा ५,६०० सिंगापूर डॉलर होणार हे मार्च २०२४ मध्ये सांगितले गेले. नव्या अर्जांसाठी ते जानेवारी २०२५ पासून आणि नूतनीकरणासाठी एका वर्षाने अमलात येईल, हेही त्याच वेळी स्पष्ट केले होते. म्हणजे तयारीला महिने मिळाले होते. तरीही माझ्या परिचयातील एका कुटुंबाने कोणाच्या तरी सांगण्यावरून ‘नियम उद्यापासून बदलतोय’ असे समजून एका दलालाला घाईने पैसे मोजले. सर्व तारखा मनुष्यबळ मंत्रालयाच्या मूळ पत्रकातच होत्या. म्हणून मार्चमधील दोन आठवडे तुमच्या पासाशी संबंधित मंत्रालयाचे भाषण आणि त्यासोबतचे माहितीपत्रक स्वतः वाचण्यासाठी राखून ठेवा.

सूचना खरी की खोटी, हे ओळखण्याची पद्धत आता बरीच सोपी झाली आहे. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट एसजी’ने संपतो. जुलै २०२४ पासून, मोजके अपवाद वगळता, सर्व सरकारी खात्यांचे एसएमएस ‘जीओव्ही डॉट एसजी’ या एकाच नावाने येतात, संदेशाच्या आरंभी खात्याचे पूर्ण नाव असते आणि शेवटी हा सिंगापूर सरकारने पाठवलेला स्वयंचलित संदेश असल्याची नोंद असते. फोनवरून पैसे एखाद्या खात्यात वळवण्यास किंवा बँकेचा पासवर्ड सांगण्यास कोणताही सरकारी अधिकारी सांगत नाही. असा फोन आला तर तो बंद करावा आणि १७९९ या मदतक्रमांकावर विचारावे. नव्याने आलेली माणसे या फसवणुकीत विशेष सापडतात, कारण ‘तुमच्या पासात अडचण आहे’ हे वाक्य ऐकताच छातीत धस्स होते आणि समोरचा माणूस अधिकारी आहे की नाही हे तपासण्याचे भान राहत नाही.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो क्रियापदाचा आहे. येथील पत्रकात ‘सल्ला देण्यात येतो’, ‘प्रोत्साहन देण्यात येते’, ‘आवश्यक आहे’ आणि ‘कायद्याने बंधनकारक आहे’ या चार पायऱ्या असतात आणि लिहिणाऱ्याने त्यांतली एक जाणीवपूर्वक निवडलेली असते. २०२० च्या कोविड साथीत मास्कबाबत हे अगदी स्पष्ट दिसले. जानेवारीच्या अखेरीस सांगण्यात आले की आजारी असाल तरच मास्क लावा. फेब्रुवारीच्या आरंभी प्रत्येक घराला चार मास्क वाटले गेले, तेही गरज पडल्यास वापरण्यासाठी. ३ एप्रिलला पंतप्रधान ली श्येन लूंग यांनी सांगितले की मास्क वापरण्यापासून लोकांना यापुढे परावृत्त केले जाणार नाही. ते वाक्य ऐकताना मलाही ते विचित्र वाटले होते; शिफारस नाही, सक्ती नाही, फक्त पूर्वीचा सल्ला मागे घेतला होता. आणि १४ एप्रिलपासून घराबाहेर मास्क सक्तीचा झाला, पहिल्या उल्लंघनाला ३०० डॉलर दंड ठरला. अडीच महिन्यांच्या आत सल्ल्याचा कायदा झाला आणि प्रत्येक पायरी शब्दांतून आधी कळत होती. त्या काळात नियम मोडणाऱ्या काही परदेशी नोकरदारांचे परवाने रद्द झाले. आपल्या कानाला ‘कृपया सहकार्य करावे’ हे शब्द औपचारिक नम्रतेचे वाटतात. येथे त्याच्या पुढच्या ओळीत दंडाची रक्कम असू शकते, म्हणून पत्रक शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाचावे.

सरकारचे सांगणे नेहमीच नीट पोहोचते असेही नाही. ७ फेब्रुवारी २०२० या शुक्रवारी साथीचा धोकास्तर पिवळ्यावरून नारिंगी केल्याचे जाहीर झाले आणि संध्याकाळपर्यंत दुकानांतून तांदूळ, नूडल्स आणि टॉयलेट पेपर दिसेनासे झाले. मीही त्या रांगेत उभा होतो, गरज नसताना तांदळाच्या दोन पिशव्या घेऊन आलो, आणि त्याची खंत मला आजही वाटते, कारण माझ्या मागे उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईंना एकही मिळाली नाही. खरे तर तांदूळ आयात करणाऱ्यांनी दोन महिन्यांच्या आयातीइतका साठा राखून ठेवावा, अशी योजना येथे कित्येक वर्षांपासून आहे. साठा पुरेसा असल्याचे मंत्री सांगत होते आणि ते खरेही होते. पण रंग आधी पोहोचला, खुलासा नंतर. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधानांनी इंग्रजी, मलाय आणि मँडरिन या तिन्ही भाषांतून स्वतः बोलून परिस्थिती समजावली आणि गर्दी ओसरली. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: मथळा किंवा रंग पाहून उठायचे नाही, त्या स्तरात प्रत्यक्ष काय करायला सांगितले आहे ते वाचेपर्यंत थांबायचे.

भाषेचा प्रश्न आपल्याला थेट भिडतो. येथील अधिकृत भाषा चार आहेत: इंग्रजी, मलाय, मँडरिन आणि तमिळ. सरकारचे व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश या चारही भाषांत मिळतात. भारतीय समाजासाठी सरकारी माहिती तमिळमध्ये येते, मराठीत येत नाही. भेटीला किंवा दीर्घ मुदतीच्या पासावर आलेले आपले आईवडील यांपैकी कोणतीच भाषा सहज वाचत नसतील, तर त्यांच्यापर्यंत सूचना पोहोचवण्याची जबाबदारी पूर्णपणे आपली आहे. मराठीत सांगताना सारांश करण्याचा मोह आवरावा. ‘ज्येष्ठांनी गर्दी टाळावी असा सल्ला’ याचे आपण पटकन ‘आई, बाहेर पडायला बंदी आहे’ असे करतो, आणि मग एक वृद्ध स्त्री विनाकारण आठवडाभर घरात बसून राहते. उलट बाजूनेही चूक होते आणि सक्तीचा नियम ‘असं म्हणतायत’ या शब्दांत विरून जातो. संदेशाची तारीख, खात्याचे नाव आणि मूळ क्रियापद या तीन गोष्टी भाषांतरात कायम ठेवाव्यात, आणि मराठी गटात पाठवताना मूळ दुवा सोबत जोडावा.

गटांचा विषय निघाला आहे, तर कायद्याबद्दलही सांगणे भाग आहे. खोट्या माहितीविरुद्धचा पोफ्मा हा कायदा संसदेने मे २०१९ मध्ये संमत केला आणि तो त्याच वर्षी २ ऑक्टोबरला लागू झाला. एखादे विधान खोटे आहे आणि त्यावर कारवाई करणे सार्वजनिक हिताचे आहे असे मंत्र्यांना वाटले, तर ते दुरुस्तीचा आदेश देऊ शकतात. अशा वेळी मूळ मजकूर बहुधा तसाच राहतो, पण त्यासोबत दुरुस्तीची सूचना लावावी लागते. आदेश न पाळणाऱ्या व्यक्तीला २०,००० डॉलरपर्यंत दंड किंवा बारा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि सार्वजनिक हिताला बाधक असे खोटे विधान जाणूनबुजून पसरवणाऱ्याला त्याहून कडक शिक्षा आहे. खासगी गटांतील संदेशही कायद्याच्या कक्षेत येतात. न कळत पुढे पाठवलेला संदेश म्हणजे गुन्हा नव्हे. परंतु ‘मला आला तसा पाठवला’ ही सवय मोडावी हे उत्तम. खरे-खोटे प्रथम मंत्री ठरवतात आणि न्यायालयात दाद त्यानंतर मागता येते, ही रचना मला स्वतःला पटत नाही, आणि कायदा होत असताना अनेक अभ्यासकांनी व पत्रकारांनी हाच आक्षेप घेतला होता. तो कायदा पाळत असतानाही हे मत बाळगता येते. निवडणुकीच्या काळात मात्र आणखी जपावे लागते: नागरिक नसलेल्यांना येथे निवडणूक प्रचाराचा मजकूर प्रसिद्ध करण्यास मनाई आहे, म्हणून एखाद्या पक्षाची चित्रफीत आवडली तरी ती आपल्या खात्यावरून पुढे पाठवू नये.

वृत्तपत्रे आणि वाहिन्या यांच्याकडे पाहतानाही त्यांची रचना माहीत असावी. १९७४ च्या कायद्यानुसार वृत्तपत्राला दरवर्षी परवाना घ्यावा लागतो. ‘स्ट्रेट्स टाइम्स’ आणि ‘तमिळ मुरसु’ ज्या संस्थेची आहेत, ती २०२१ मध्ये नफा न कमावणारी कंपनी झाली आणि सरकारने तिला वर्षाला १८० दशलक्ष डॉलरपर्यंत निधी देण्याचे २०२२ मध्ये जाहीर केले. मीडियाकॉर्पची मालकी टेमासेक या सरकारी गुंतवणूक कंपनीकडे आहे. त्यामुळे ही माध्यमे तारीख, आकडे आणि नियम सांगण्यात अतिशय काटेकोर असतात, पण निर्णयामागील मतभेद तेथे कमी सापडतात. ते शोधायचे असतील तर संसदेतील प्रश्नोत्तरे वाचावीत. ती संकेतस्थळावर खुली आहेत आणि विरोधी सदस्यांच्या प्रश्नांना मंत्र्यांनी दिलेली लेखी उत्तरे मला अनेकदा बातमीपेक्षा अधिक उपयोगी पडली आहेत. ‘स्ट्रेट्स टाइम्स’मधील वाचकांच्या पत्रांचे पानही अवश्य पाहावे. एखाद्या वाचकाने बस, रुग्णालय किंवा शाळेबद्दल तक्रार लिहिली, की संबंधित खात्याचा अधिकारी पुष्कळदा काही दिवसांत आपल्या नावानिशी आणि हुद्द्यानिशी त्याच पानावर उत्तर देतो. ही प्रथा मला मनापासून आवडते.

माहितीच्या अधिकाराचा कायदा मात्र येथे नाही. ज्या महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनाने त्या कायद्याला बळ मिळाले, तेथून आलेल्या माणसाला ही उणीव जाणवतेच. अर्ज लिहून फाईल मागण्याचा मार्ग येथे उपलब्ध नाही. प्रश्न विचारण्याचे मोल काय, हे कोविडकाळातील ट्रेसटुगेदर अ‍ॅपच्या वेळी दिसले. त्या अ‍ॅपची माहिती केवळ संसर्गाचे संपर्क शोधण्यासाठी वापरली जाईल असे लोकांना सांगितले होते. जानेवारी २०२१ मध्ये संसदेतील एका प्रश्नाच्या उत्तरातून उघड झाले की फौजदारी तपासासाठी पोलीसही ती मिळवू शकतात. लोक दुखावले, मंत्र्यांनी चूक मान्य केली आणि फेब्रुवारीत कायदा करून तो वापर सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित केला. प्रश्न विचारला गेला म्हणून ते कळले. तुम्ही नागरिक नसलात तरी खात्याला लेखी प्रश्न विचारू शकता, आणि माझा अनुभव असा आहे की नेमका, एकाच मुद्द्याचा, सभ्य भाषेतला प्रश्न असेल तर उत्तर येते.

शेवटी एक लहानशी बाब, जी आईवडील घरी असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवावी. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्रिटिशांनी येथे शरणागती पत्करली, आणि त्या स्मृतिदिनी संध्याकाळी ६ वाजून २० मिनिटांनी शहरभर भोंगे वाजतात, सुमारे मिनिटभर. खऱ्या संकटात हाच ध्वनी ऐकू आला तर त्याचा अर्थ असा, की धावपळ न करता ताबडतोब स्थानिक रेडिओ किंवा दूरदर्शन लावावे आणि पुढील सूचना ऐकावी. म्हणून घरातल्या रेडिओवर कोणते इंग्रजी केंद्र लावायचे, हे त्यांना एकदा बटण दाबून दाखवून ठेवा, आणि सूचना मराठीत कोण समजावून सांगेल त्याचा फोन क्रमांक मोठ्या अक्षरांत शेजारी चिकटवा.