अंगठ्यांचं गाणं

लिस्टच्या 'डॉन जुआन' या पियानो फँटसीने, म्हणजे ऑपेरातल्या चालींवर रचलेल्या तुकड्याने, माझा उजवा हात सहा आठवडे बंद पाडला. जर्मनीत मास्टर्सचं पहिलंच सत्र, त्यात मुंबईहून एकटाच आलेला, त्यामुळे वर्गातली सगळ्यांत अवघड रचना आपणच वाजवायची अशी खुमखुमी. मोझार्टच्या 'डॉन जोव्हान्नी' या ऑपेरावरची ही १८४१ची रचना सतराएक मिनिटांची आहे. मी ती आठवड्याला दोन पानं अशा हिशेबाने पाठ करत सुटलो होतो. हात बरा झाल्यावर प्रोफेसरांनी पियानोचं झाकण लावलं आणि म्हणाले, "मधलं 'ला ची दारेम ला मानो' हे युगुलगीत गाऊन दाखव." मला येईना. स्वर सगळे ठाऊक होते, पण कुठला शब्द कुठे पडतो, बाई श्वास कुठे घेते, तिचा नकार कुठे ढिला पडतो, काही माहीत नव्हतं. तो ऑपेरा मी कधी पूर्ण ऐकलाच नव्हता.

ऑपेरा-फँटसीच्या या वाटेला नव्याने येणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. आपण आतषबाजी पाहून येतो, आणि ती कोणासाठी होती हे बघायचं राहून जातं.

१८३०-४०च्या पॅरिसमध्ये ग्रामोफोन नव्हता. बेल्लिनी, रोस्सिनी, मायरबेअर या ऑपेराकारांची गाणी थिएटरात ऐकायची आणि मग घरच्या पियानोवर. मैफलीतला पियानिस्ट त्याच गाण्यांवर फँटसी रचायचा. श्रोत्याला चाल आणि प्रसंग दोन्ही आधीच पाठ असल्यामुळे त्याचं सगळं लक्ष 'आता हा काय करतो' याकडे. आपल्याकडे पेटीवर नाट्यपद सुरू झालं की पहिल्या ओळीलाच लोक माना डोलावतात, शब्द मनातल्या मनात म्हणतात, तसंच. पुढे रेकॉर्ड आल्या, चाली थेट गायकांकडून ऐकू येऊ लागल्या. शिवाय मूळ रचनेला हात लावायचा नाही अशी सोवळी अभिरुची आली आणि हा सगळा प्रकार 'दिवाणखान्यातले नखरे' म्हणून अडगळीत गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेमंड लेवेन्थल, अर्ल वाइल्ड, लेस्ली हॉवर्ड अशा काही पियानिस्टांनी तो बाहेर काढला. फ्रान्चेस्को निकोलोझीने लिस्टचा प्रतिस्पर्धी पियानिस्ट थालबर्ग याच्या फँटसी ध्वनिमुद्रित केल्या. सुरुवातीला यांना ऐका, पण त्यांचा वेग मनावर घेऊ नका.

रचना निवडताना माझा एकच निकष असतो: मूळ ऑपेरा आज जिवंत आहे का? पाचीनीच्या 'निओबे'वर लिस्टची दणदणीत फँटसी आहे, पण तो ऑपेरा आता कोणी करत नाही, म्हणजे तुमची चाल ओळखणारा श्रोताच नाही. 'नोर्मा', 'प्युरितानी', 'रिगोलेत्तो' या बाबतीत सुरक्षित. 'रिगोलेत्तो'ची लिस्टची पॅराफ्रेज (फँटसीचाच एक आटोपशीर प्रकार, १८५९) सात मिनिटांत आटपते, पण ती सगळेच वाजवतात, त्यामुळे परीक्षक प्रत्येक स्वर मोजत बसतात. मी सांगेन, थालबर्गच्या ओपस ७० पासून सुरू करा. पियानोवर गाण्याची कला शिकवण्यासाठीच त्याने हा संग्रह काढला. पहिलाच तुकडा 'प्युरितानी'तला 'आ ते, ओ कारा'. प्रस्तावनेत तो लिहितो की आपण स्वतः पाच वर्षं इटालियन पद्धतीच्या एका नामवंत गुरूकडे गाणं शिकलो. पट्ट्यांवर प्रहार करू नका, हाताला हाडं नसल्यासारखं त्यांना मळा, असंही सांगतो. हे वाचून मी एका सोप्रानो गायिकेच्या क्लासला महिनाभर मागे बसलो. माझा आवाज भयंकर आहे, तरी गायलो.

आता थालबर्गची ती प्रसिद्ध युक्ती. ३१ मार्च १८३७ला पॅरिसमध्ये प्रिन्सेस बेल्जोयोझोच्या घरी इटालियन निर्वासितांच्या मदतीसाठी मैफल झाली. लिस्टने 'निओबे' वाजवलं आणि थालबर्गने रोस्सिनीच्या 'मोझेस'वरची फँटसी. तिच्या शेवटी मोझेसची प्रार्थना पियानोच्या मधल्या भागात चालते आणि तिच्या दोन्ही अंगांनी आर्पेजिओ (एकामागोमाग सुटे वाजवलेले कॉर्डचे स्वर) धावत राहतात. ऐकणाऱ्याला वाटतं तीन हात आहेत. प्रत्यक्षात चाल दोन अंगठे वाटून घेतात: एक स्वर डाव्याचा, पुढचा उजव्याचा. अंगठा लगेच उठून आर्पेजिओच्या कामाला लागतो आणि त्याचा स्वर पेडल धरून ठेवतो.

इथेच सगळे फसतात. अंगठा मुळात जड, शिवाय दोन अंगठ्यांचं वजन सारखं नसतं, त्यामुळे चाल लंगडी ऐकू येते. मी केलं ते असं. आधी चाल फक्त उजव्या हाताने, हव्या त्या सोयीच्या बोटांनी, म्हणत म्हणत वाजवली आणि फोनवर रेकॉर्ड केली. मग तीच फक्त दोन अंगठ्यांनी वाजवून रेकॉर्ड केली, आणि दोन्ही एकासारख्या वाटेपर्यंत पुढे गेलो नाही. बारा ओळींना तीन आठवडे लागले. त्यानंतर खर्ज जोडला. आर्पेजिओ सर्वांत शेवटी, तेही पट्ट्यांना नुसता स्पर्श करत, आवाज न काढता. तेवढ्यात अंगठे मात्र पूर्ण आवाजात. पेडल चालीबरोबर बदलायचा मोह होतो, तो आवरा. ते खर्जातल्या हार्मनीबरोबर बदलायचं. आणि १८३०च्या एरार कंपनीच्या पियानोपेक्षा आजचा कॉन्सर्ट ग्रँड खालच्या पट्टीत कितीतरी जाड बोलतो, तेव्हा डाव्या हाताच्या आर्पेजिओचा आवाज छापलेल्या खुणेपेक्षाही एक पायरी खाली ठेवा.

लिस्टने नंतर 'नोर्मा'च्या फँटसीत हाच खेळ केला, पण नाट्य जास्त कळलेलं. 'कास्ता दीवा' हे त्यातलं सगळ्यांत गाजलेलं गाणं त्याने सरळ गाळलं! शेवटच्या प्रसंगातल्या नोर्माच्या विनवणीवर भर दिला. मला वाटतं, या सगळ्या प्रकारातली ही सर्वोत्तम रचना. पण पहिल्या दोन वर्षांत तिच्या वाटेला जाऊ नका.

नोटेशन मिळवणं आता सोपं आहे. जुन्या छापील प्रती आयएमएसएलपी या ऑनलाइन संग्रहावर फुकट मिळतात. त्यांत छपाईच्या चुका भरपूर असतात, विशेषतः शार्प-फ्लॅटच्या. शंका आली की त्या ऑपेराचा गायन-पियानो स्कोअर शेजारी ठेवा, नव्वद टक्के शंका तिथेच मिटतात. अर्ल वाइल्डसारख्या अलीकडच्यांच्या रचना मात्र विकत घ्याव्या लागतात.

परीक्षेबद्दल थोडं कडू. एका पॅनेलने माझ्या थालबर्गवर 'कलात्मक मजकूर अपुरा' असा शेरा मारला. तेव्हापासून मी हट्ट सोडला. बीथोव्हेनची एक सोनाटा, एखादा बाख, आणि मग फँटसी. तेवढ्याने परीक्षकांची भुवई खाली येते. स्पर्धाच हवी तर लिस्टलाच वाहिलेल्या आहेत, उदाहरणार्थ उट्रेख्टची. आणि ऐकणारे शोधायचे तर उत्तर जर्मनीतल्या हुसुमच्या किल्ल्यात दर ऑगस्टला दुर्मिळ पियानोसंगीताचा महोत्सव भरतो. तिथे असल्या रचनांसाठी नाक मुरडणारं कोणी भेटत नाही.

मुंबईत पहिल्यांदा 'मोझेस' वाजवलं तेव्हा पावसाळा होता, पियानो दमट हवेने फुगलेला, मधल्या दोन पट्ट्या परत वर यायला वेळ लावत होत्या, आणि नेमक्या त्या अंगठ्यांच्याच. ट्यूनरला दुपारी बोलावून घेतलं होतं तरी. वाजवण्याआधी मी दोन मिनिटं उभा राहून गोष्ट सांगितली: समुद्रापाशी अडकलेले लोक, मागून फौज, आणि म्हातारा मोझेस प्रार्थना म्हणतो. मग चाल एकदा नुसती, एका बोटाने, वाजवून दाखवली. शेवटच्या पानावर ती परत आली तेव्हा तिसऱ्या रांगेतली एक आजी ती गुणगुणायला लागली, पाव सुराने खाली. पुढच्या कार्यक्रमांतही ती एका बोटाची चाल मी ठेवली आहे.