वायरलेस रिमोट दाबूनही फोटो निघत नाहीये? आधी हे बघा

रिमोटचं बटण दाबताय, कॅमेरा ढिम्म, आणि डोक्यात पहिला विचार काय तर रिमोट गेला. जरा थांबा, नवीन मागवायची घाई करू नका. बहुतेक वेळा रिमोट धडधाकट असतो आणि घोडं अडलेलं असतं कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये, म्हणून तपासायला सुरुवात कॅमेऱ्यापासून करायची आणि मग हळूहळू रिमोटकडे यायचं, उलटं नाही.

आधी रिमोट बाजूला ठेवा आणि कॅमेऱ्याचंच शटर बटण दाबून बघा. तिथेही क्लिक होत नसेल तर कार्ड भरलंय का, कार्ड आत आहे का, बॅटरी उतरलीय का एवढं बघून घ्या.

आता सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट, फोकस. रिमोट दाबला की कॅमेरा बऱ्याचदा आधी फोकस घ्यायला जातो, आणि फोकस लॉक झाला नाही तर शटर सोडतच नाही, हा बिघाड नाही, त्याची रचनाच तशी आहे. अंधार असेल, समोर कोरी भिंत किंवा धुकं असेल तर लेन्स नुसती पुढे-मागे घरघरत राहते आणि आपण इकडे बटण दाबून दाबून वैतागतो. लेन्सवरचा स्विच (तिथे नसेल तर मेनूमधून) एएफवरून (ऑटोफोकस) एमएफवर (हाताने फोकस) करा आणि परत दाबा. निघाला ना फोटो? मग रिमोटला काहीही झालेलं नाही. माझं मत विचाराल तर ट्रायपॉडवर काम करताना एकदा ऑटोफोकसने फोकस घ्यावा आणि लगेच एमएफवर टाकून द्यावा, अर्धी डोकेदुखी तिथेच संपते.

अजून एक, डीएसएलआरमध्ये मिरर लॉकअप चालू राहिलेला असेल तर पहिल्या दाबाला नुसता आरसा वर जातो, खट्ट असा आवाज येतो, फोटो दुसऱ्या दाबाला निघतो. मेनूत जाऊन बंद करा.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर आपला रिमोट कुठल्या जातीचा आहे ते बघा.

इन्फ्रारेडवाला छोटा रिमोट असेल (निकॉनचा एमएल-एल३, कॅननचा आरसी-६ वगैरे) तर कॅमेऱ्याचा ड्राइव्ह मोड (एक फोटो, सलग फोटो की टायमर हे निवडायचं सेटिंग) रिमोटवर असायलाच हवा, कॅननच्या काही मॉडेलांत सेल्फ-टायमर आणि रिमोट एकाच चिन्हात असतात. निकॉनच्या बऱ्याच मॉडेलांत हा मोड काही मिनिटं काही झालं नाही की आपोआप बंद होतो, म्हणजे मघाशी चालत होता आणि आता चालत नाही याचं कारण हेच असू शकतं, मेनूत ती वेळ वाढवता येते. रिमोटचा सिग्नल घेणारा सेन्सर बहुतेक कॅमेऱ्याच्या पुढे ग्रिपवर असतो, तेव्हा मागे उभं राहून दाबलं तर किरण पोचणारच नाही, आणि कडक उन्हात अंतर आणखी कमी होतं. रिमोट सिग्नल सोडतोय का ते बघायला मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू करून त्याच्यासमोर बटण दाबा, रिमोटच्या टोकाला जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर तो जिवंत आहे. मागचा कॅमेरा वापरू नका, बऱ्याच फोनमध्ये तिथे इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो.

ठिपका दिसला नाही तर सेल बदला, पण नंबर बघून. एमएल-एल३ला सीआर२०२५ लागतो, आरसी-६ला सीआर२०३२. दोन्हींचा व्यास २० मिमीच, पण जाडी २.५ आणि ३.२ मिमी, त्यामुळे चुकीचा सेल बसल्यासारखा वाटतो आणि कॉन्टॅक्ट मात्र सैल राहतो. काही सेलना मुलांनी गिळू नये म्हणून कडू लेप लावलेला असतो, त्यानेही कधीकधी कॉन्टॅक्ट होत नाही, दुसरा सेल टाकून बघा.

रेडिओवाला, म्हणजे वेगळा रिसीव्हर असलेला सेट असेल तर एक लक्षात घ्या, रिसीव्हर हॉटशूवर (कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅश बसवायची खाच) बसवला म्हणजे जोडला असं नाही, हॉटशू त्याला फक्त धरून ठेवतो, शटर उडतं ते केबलमधून. केबल टच्च आवाज येईपर्यंत आत ढकला. मग रिसीव्हरवरचंच बटण दाबा (बऱ्याच सेटमध्ये असतं). त्याने फोटो निघाला तर कॅमेरा आणि केबल ठीक, गडबड रेडिओत आहे, तेव्हा दोन्हीकडचे सेल आणि चॅनल बघा, छोटे डिप स्विच (चॅनल ठरवणारे बारीक खटके) असतील तर दोन्हीकडे अगदी सारखे हवेत. रिसीव्हरच्या बटणानेही नाही निघाला तर संशय केबलवर. २.५ मिमीची पिन आत गेली म्हणून ती चालेलच असं नाही, कॅननची केबल पॅनासोनिकमध्ये बसते पण चालत नाही, कारण आतली जोडणीच वेगळी आहे.

ब्लूटूथवाला असेल तर आधी तुमचं कॅमेरा मॉडेल त्या रिमोटच्या यादीत आहे का ते बघा, मग कॅमेऱ्याचा एअरप्लेन मोड बंद आणि ब्लूटूथ रिमोटचं सेटिंग चालू आहे ना ते तपासा. तरीही दाद देत नसेल तर जुनं पेअरिंग कॅमेऱ्यातून डिलीट करून नव्याने करा, आणि ते करताना फोनचं ब्लूटूथ बंद ठेवा, कारण फोनमधलं कॅमेऱ्याचं अ‍ॅप मध्येच कनेक्शन पकडून बसू शकतं.