टक्केवारीच्या तपासणीला येताना

कामावरच्या दुखापतीची भरपाई मागणाऱ्यांना तपासून अपंगत्वाची टक्केवारी काढणं हे माझं काम. जखम सुधारत असताना कायमच्या टक्केवारीची घाई करू नका. उपचारांनी आणखी फारसा फरक पडणार नाही, अशी स्थिती आली की मगच आकडा खरा येतो.

येताना अपघाताच्या दिवसापासूनचे केसपेपर, एक्स-रे, एमआरआय आणि ऑपरेशनची नोंद तारखेनुसार लावून आणा.

सांध्याची हालचाल मी गोनिओमीटरने अंशांत मोजतो, पकडीची ताकद डायनॅमोमीटरवर, आणि दोन्ही पुन्हा पुन्हा. जमेल तेवढा पूर्ण जोर लावा. कळ आली तर थांबा आणि सांगा, मी तसं लिहितो. मुद्दाम जोर कमी लावला की आकडे बऱ्याचदा एकमेकांशी जुळत नाहीत आणि खरी दुखापतही संशयात सापडते. हे बघताना मला फार वाईट वाटतं. सोसायची सवय असलेली माणसं उलट 'चालतंय' म्हणतात, तेही नको. 'खांदा दुखतो' एवढ्यावर न थांबता हात डोक्यावर जात नाही, बाही घालता येत नाही, त्या कुशीवर झोप लागत नाही, असं सांगा. जुनी दुखापत लपवू नका. नोंदींत ती सापडतेच.

अहवालाची प्रत मागून घ्या. डावा-उजवा बरोबर लिहिलाय ना, हे आधी बघा.