आर्केड कॅबिनेटसाठी घरच्या घरी स्टिअरिंग : 270 अंशांचं

सुरुवातीलाच ठरवा, कुठले गेम खेळायचेत. 'पोल पोझिशन' (1982) आणि 'सुपर स्प्रिंट' (1986) यांचं चाक कितीही फिरतं, त्याला थांबा नसतो. 'आउट रन'चं (1986) मात्र दोन्ही बाजूंना अडतं आणि सोडलं की मधे येतं. इथे आहे ते दुसऱ्या जातीचं: डावीकडे 135 अंश, उजवीकडे 135.

शाफ्टसाठी 20 मिमीचा ब्राइट बार (गुळगुळीत, नेमक्या व्यासाची पोलादी सळई) घ्या, साधारण 300 मिमी लांब. बेअरिंग दोन, यूसीपी 204 (20 मिमी शाफ्टची, बेसवर बोल्टने बसणारी). बेस 18 मिमी प्लायचा, आणि प्रत्येक बेअरिंगखाली त्याच प्लायचा एकेक तुकडा. या बेअरिंगचा मध्य तळापासून 33.3 मिमी असतो. खाली तुकडा नसेल तर थांब्याची पिन बेसला घासते. दोन बेअरिंगांत निदान 120 मिमी अंतर ठेवा, कमी असलं तर चाक वरखाली डुगडुगतं. बेअरिंगचा ग्रब स्क्रू (शाफ्टवर आवळायचा बिनडोक्याचा स्क्रू) बसतो त्या जागी शाफ्टला कानशीने थोडं सपाट करा, नाहीतर महिन्याभरात शाफ्ट पुढेमागे सरकू लागतो.

लेथवाल्याकडून शाफ्टचं मागचं टोक 20 मिमी लांबीपर्यंत 6 मिमी व्यासाचं करून घ्या. त्यावर 6×6 मिमीचा फ्लेक्सिबल कपलर आणि पुढे पॉट (पोटेन्शिओमीटर, म्हणजे चाक किती वळलं ते सांगणारा फिरता रेझिस्टर). पॉट थेट शाफ्टला जोडायचा मोह होतो, पण दोघांचे मध्य कधीच तंतोतंत जुळत नाहीत आणि पॉटची दांडी झिजून वाचन उड्या मारू लागतं.

आता थांबे, कारण बहुतेक स्टिअरिंगं इथेच मरतात. साध्या पॉटची दांडी 300 अंशांच्या आसपास फिरते. चाकाला स्वतःचा थांबा नसेल तर जोरात वळवणारा भिडू पॉटचाच थांबा तोडतो. म्हणून दोन बेअरिंगांच्या मधे शाफ्टला एम8 आटे पाडून बोल्ट आत पिळा. हीच थांब्याची पिन, तिचं टोक मध्यापासून 50 मिमीवर यायला हवं. चाक सरळ असताना ही पिन वर. खाली उभ्या प्लायवर रबरी नळी चढवलेले दोन बोल्ट, नळीसकट जाडी 16 मिमी, शाफ्टच्या मध्यापासून 40 मिमी त्रिज्येवर. दोघांच्या मध्यांतलं अंतर 37 मिमी, नुसत्या कोनाच्या हिशेबाने येणारं 57 नव्हे. पिनेची अर्धी जाडी आणि रबर मिळून 12 मिमी आधीच टेकतात, ते इथे हिशेबात धरलंय.

चाक मधे आणायला पिनेलाच स्प्रिंग अडकवू नका, नव्वद अंशांपुढे ओढ कमी होत जाते. शाफ्टवर 50 मिमी व्यासाची खाचेची पुली पक्की बसवा, तिला सायकलच्या ब्रेकची दोन वायर उलटसुलट गुंडाळा आणि प्रत्येकीच्या टोकाला स्प्रिंग लावा. 135 अंशांत वायर 59 मिमी सरकते. म्हणून चाक सरळ असतानाच दोन्ही स्प्रिंगा सुमारे 70 मिमी ताणलेल्या हव्यात. तसं नसेल तर एका बाजूची वायर सैल पडून पुलीवरून उतरते. स्प्रिंग लांब आणि नरम बघा, आखूड कडक घेतलीत तर खांदे भरून येतात.

पॉट 10 के (10,000 ओहम), लिनिअर. त्यावर 'बी' छापलेलं असतं. 'ए' म्हणजे आवाजाच्या नॉबचा, तो लावला तर एका बाजूला गाडी सुतासारखी आणि दुसऱ्या बाजूला अंगावर येते. पॉटचं वाचन कॉम्प्युटरला जॉयस्टिक म्हणून पाठवायला बोर्ड आर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो. ऊनो आर3च्या मुख्य चिपला यूएसबी नाही, त्यामुळे तो थेट जॉयस्टिक म्हणून दिसत नाही. पॉटचं मधलं पाय ए0 ला, बाजूचे 5 व्होल्ट आणि ग्राउंडला. डावं-उजवं उलट झालं तर बाजूच्या दोन वायरींची अदलाबदल करा. मधलं पाय आणि ग्राउंड यांत 104 चा (0.1 मायक्रोफॅरड) कपॅसिटर टाका. कॅबिनेटमधे जुना पिक्चर ट्यूबचा मॉनिटर असेल तर वायर शील्डेडच घ्या.

चाक सरळ धरून, पॉटची दांडी बोर्डावर 512 वाचन (0 ते 1023 चा मध्य) येईपर्यंत फिरवा, मगच कपलर आवळा. 270 अंशांत 1023 पैकी जेमतेम 900 पायऱ्या वापरल्या जातात. दोन्ही थांब्यांवरची खरी वाचनं लिहून घ्या आणि आर्डुइनोच्या जॉयस्टिक लायब्ररीत (तयार कोड) एक्स अक्षाची मर्यादा तीच द्या. लागोपाठच्या आठ वाचनांची सरासरी पाठवली की थरथर जाते.

मेम या जुने आर्केड गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधे डेडझोन (मधला दुर्लक्षित भाग) 0 करा, सॅच्युरेशन (कुठे पूर्ण वळण धरायचं) 1. नाहीतर मधे चाक मेल्यासारखं वाटतं आणि टोकाला पोचायच्या आधीच गाडी पूर्ण वळते.