कॅज्युअल्टीत धो-धो रक्त जातंय: पहिल्या तासात रक्त कसं द्यायचं

मोहोळकडून हायवेवरचा रुग्ण १०८ मधून आला. पेल्व्हिस (ओटीपोटाभोवतीचं हाड) मोडलंय, नाडी १३०, वरचं बीपी ८०. सोलापुरात रक्तपेढ्या आहेत, पण तुमच्या टेबलापासून पेढीच्या काउंटरपर्यंत अंतर आहे आणि बऱ्याचदा ते नातेवाईक मोटारसायकलवर कापतात. त्यामुळे वेळ जातो तो मागणीत, सुई टोचण्यात नाही. पेढीला पहिला फोन रुग्ण आल्यावर दहा मिनिटांच्या आत गेला पाहिजे.

हिमोग्लोबिनच्या रिपोर्टसाठी थांबू नका. ताज्या रक्तस्रावात पेशी आणि प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) सोबतच जातात, म्हणून निम्मं रक्त वाहून गेलं तरी रिपोर्ट ११ येऊ शकतो. चार गोष्टी बघा: भोसकल्याची किंवा गोळीची जखम, वरचं बीपी ९० किंवा खाली, नाडी १२० किंवा वर, फास्ट सोनोग्राफीत (आतला रक्तस्राव झटपट शोधणारी तपासणी) पोटात रक्त. यातल्या दोन जुळल्या की भरपूर रक्त लागणार असं धरून चाला.

दोन्ही हातांना जाड कॅन्युला (शिरेत बसवायची नळी) लावा, राखाडी १६ किंवा नारिंगी १४ नंबर. गुलाबीतून रक्त थेंबथेंबच जाईल. रक्ताचा पहिला थेंब आत जायच्या आधी गट आणि क्रॉसमॅचचं (रुग्णाचं आणि पिशवीतलं रक्त जुळतं का ते बघायचं) सॅम्पल काढा, कारण ओ गटाच्या चार पिशव्या गेल्यावर रुग्णाचा स्वतःचा गट ओळखणं अवघड होतं. लेबल रुग्णाच्या उशाशीच लावा. हंगामात उसाची ट्रॉली उलटली की तीन-चार बेशुद्ध माणसं एकदम येतात. तेव्हा ‘अनोळखी पुरुष १’, ‘अनोळखी पुरुष २’ असे नंबर मनगटाच्या पट्टीवर, ट्यूबवर आणि फॉर्मवर सारखेच हवेत. चुकीच्या गटाचं रक्त जातं ते बहुतेक वेळा या लेबलाच्या गफलतीमुळेच.

मागणी ‘दोन बाटल्या रक्त’ अशी करू नका. फोनवर सांगा: सहा पीसीव्ही (तांबड्या पेशी), सहा एफएफपी (गोठवलेला प्लाझ्मा), सहा आरडीपी (प्लेटलेटच्या साध्या पिशव्या). एकास एकास एक हे प्रमाण इथे शब्दशः पिशवीला पिशवी लागू पडतं, पण पेढीने एसडीपी (एकाच दात्याच्या प्लेटलेटची मोठी पिशवी) दिली तर ती एकच पिशवी सहा आरडीपींच्या जागी धरा. एफएफपी गोठलेला असतो, ३७ अंशांच्या वॉटरबाथमध्ये वितळायला २० ते ३० मिनिटं लागतात. म्हणून तो पीसीव्हीसोबतच सांगायचा, पीसीव्ही संपल्यावर नाही.

पूर्ण क्रॉसमॅचला पाऊण ते एक तास जातो. तेवढं थांबणं शक्य नसेल, तर डॉक्टरांच्या सहीची लेखी मागणी देऊन क्रॉसमॅच न केलेलं ओ गटाचं पीसीव्ही घ्या. पुरुषाला ओ पॉझिटिव्ह चालतं. मुली आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांना ओ निगेटिव्ह द्या. ते मिळेना तर पॉझिटिव्ह द्या, आधी जीव.

इथे नेहमीची चूक होते ती प्लाझ्मात. ‘ओ सगळ्यांना चालतो’ हे फक्त पेशींपुरतं खरं आहे. ओ गटाच्या प्लाझ्मात ए आणि बी दोन्हींविरुद्ध अँटिबॉडी असतात, त्यामुळे तो फक्त ओ गटाच्याच रुग्णाला द्यायचा. गट माहीत नसेल तर एबीचा एफएफपी मागा, तोही नसला तर ए चा. अजून एक अडचण आपल्या मुलखातली: डॉ. वाय. एम. भेंडे यांनी १९५२ मध्ये मुंबईत शोधलेला बॉम्बे गट. पेशींच्या तपासणीत तो ओ दिसतो, पण अशा रुग्णाला ओ गटाचं रक्तही चालत नाही. म्हणून पेढीने रिव्हर्स ग्रुपिंग (रुग्णाच्या प्लाझ्मातल्या अँटिबॉडी बघून गट पडताळणं) आणि क्रॉसमॅच नंतर का होईना, पूर्ण करायचंच.

ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड (गुठळी विरघळू न देणारं औषध) दुखापतीपासून तीन तासांच्या आतच: १ ग्रॅम दहा मिनिटांत, मग १ ग्रॅम आठ तासांत. २०१० च्या क्रॅश-२ चाचणीत तीन तासांनंतर दिल्यावर रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढलेले दिसले. रेफर होऊन आलेल्या रुग्णाच्या चिठ्ठीत अपघाताची वेळ नसेल, तर ती आधी विचारून घ्या.

पिशवीतलं सायट्रेट (रक्त गोठू नये म्हणून घातलेलं रसायन) रुग्णाचं कॅल्शियम बांधून टाकतं आणि शॉकमधल्या (रक्तपुरवठा कमी पडलेल्या) लिव्हरला ते निस्तरता येत नाही. कॅल्शियम उतरलं की बीपी पडतं, गुठळी बनत नाही आणि आपण समजतो रक्त कमी पडतंय. दर चार पिशव्यांमागे १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट ३० मिली सावकाश द्या, पण वेगळ्या लाइनमधून. रक्ताच्या लाइनमध्ये आरएलही (रिंगर लॅक्टेट सलाइन) नको, कारण त्यातल्या कॅल्शियमने नळीतच गुठळ्या होतात. डेक्स्ट्रोजने पेशी फुटतात. तिथे फक्त एनएस (नॉर्मल सलाइन).

पीसीव्ही बर्फाला चिकटून आणू नका, मध्ये पुठ्ठा किंवा कापड हवं. गोठलेल्या पेशी फुटतात. मे महिन्यात बॉक्सचं झाकण वाटेत उघडू देऊ नका. द्यायच्या वेळी मात्र ब्लड वॉर्मर वापरा. पिशवी गिझरच्या गरम पाण्यात बुडवण्याचा देशी उपाय पेशी मारतो. प्लेटलेटची पिशवी ना फ्रिजमध्ये, ना बर्फात, आणि तिला नवा सेट. बाहेर ४२ अंश असले तरी ओले कपडे, एसी आणि थंड सलाइनने रुग्ण ३५ च्या खाली जातो आणि थंड रक्त गोठत नाही. कपडे कापून काढा आणि पांघरूण घाला. सोलापुरात चादरीला काय तोटा! पेल्व्हिस बांधायला मात्र पातळ बेडशीट घ्या आणि ती कमरेवर न बांधता मांडीच्या वरच्या बाहेरच्या हाडाच्या पातळीवर आवळा.

रक्त थांबेपर्यंत वरचं बीपी ८० ते ९० पुरे. सलाइन चढवून ११० केलंत तर धरलेली गुठळी निघून जाईल. डोक्याला मार असेल तर हा नियम नाही, तिथे ११० हवंच.

सर्जनने रक्तस्राव थांबवला की पेढीला लगेच फोन करून पुढची मागणी थांबवा आणि तिथून पुढे रिपोर्ट बघून द्या. फायब्रिनोजन (गुठळी बनवणारं प्रथिन) लिटरमागे १.५ ग्रॅमच्या खाली असेल तर क्रायोच्या (फायब्रिनोजन भरपूर असलेला प्लाझ्माचा भाग) दहा पिशव्या. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ बाहेर राहिलेली पीसीव्ही पेढीला परत देता येत नाही, म्हणून टेबलावर एका वेळी दोनच काढा, बाकीच्या बॉक्समध्ये.