कालाबारला एफिक शिकायला जाताय? माझा अनुभव सांगते

सगळ्यात आधी हे सांगते की एफिक किंवा इबिबियो, म्हणजे नायजेरियातल्या या दोन जवळच्या भाषा, पुस्तकातून शिकायला सुरुवात करू नका. पुस्तक घ्या जरूर, पण ते दुसऱ्या महिन्यात उघडा. मी नेमकं उलटं केलं होतं. पुण्यात भाषाशास्त्राचं एमए करताना जुन्या एफिक कोशाचं स्कॅन डाऊनलोड केलं, दीडेकशे शब्द घोटून पाठ केले, आणि तिथे गेल्यावर कळलं की त्यातला एकही शब्द मी नीट म्हणत नव्हते, कारण या भाषा सुरांच्या आहेत आणि छापलेल्या एफिकमध्ये सूर बहुतेक वेळा लिहिलेलेच नसतात. 'ऑबॉङ' म्हणजे राजा, तोच शब्द दुसऱ्या सुरात म्हटला की डास. 'अक्पा' हा शब्द सुराप्रमाणे मोठं पाणी, पहिला किंवा मुंगी होतो. मराठीत आपण सूर बदलला तर फार तर राग कळतो किंवा प्रश्न कळतो, तिथे शब्दच बदलतो.

आता थोडं कुठे काय ते. नायजेरियाच्या आग्नेय कोपऱ्यात, कॅमेरूनच्या सीमेजवळ कालाबार आहे, क्रॉस रिव्हर राज्यात, हे एफिक लोकांचं शहर. शेजारी अक्वा इबोम राज्य, ते १९८७ साली वेगळं झालं, त्याची राजधानी उयो, आणि तो इबिबियो लोकांचा मुलूख (अनांग आणि ओरॉनही तिथलेच). इबिबियो बोलणारे एफिकपेक्षा कितीतरी जास्त आहेत, पण लिहिली गेली आधी एफिक. १८४६ला स्कॉटलंडचे मिशनरी कालाबारला आले, त्यांच्यातल्या ह्यू गोल्डीचा एफिक कोश १८६२चा, पूर्ण बायबल १८६८चं. आपला मोल्सवर्थचा मराठी कोश १८३१चा, म्हणजे साधारण त्याच जमान्यातली गोष्ट. त्यामुळे झालं काय की इबिबियो मुलं पिढ्यानपिढ्या चर्चमध्ये आणि शाळेत एफिक वाचत राहिली आणि घरी इबिबियो बोलत राहिली. दोन्ही भाषा इतक्या जवळच्या आहेत की एकमेकांचं बऱ्यापैकी कळतं. तरी उयोला जाऊन 'तुमची भाषा एफिकचीच बोली ना' असं चुकूनही म्हणू नका. कोकणी माणसाला मराठीबद्दल असं विचारल्यावर काय होतं ते आठवा, तेवढंच पुरे.

उच्चारांचं म्हणाल तर आपल्याला एक गोष्ट फुकट मिळालीय, देवनागरी. 'वाङ्मय' सोडून जो ङ आपण कुठे वापरत नाही तो इथे पावलोपावली लागतो: म्मॉङ म्हणजे पाणी, सॉसॉङॉ म्हणजे धन्यवाद. मी सगळी वही देवनागरीत लिहिली आणि अक्षरांच्या डोक्यावर पेन्सिलीने वर-खाली रेघा मारल्या, वर म्हणजे चढा सूर, खाली म्हणजे खालचा. 'क्प' मात्र वेळ घेतो, क आणि प एकामागून एक नाही, दोन्ही एकदम सोडायचे. आणि वाक्यात चढा सूर परत आला की तो आधीच्यापेक्षा एक पायरी खाली येऊ शकतो, हे कुठलंही पुस्तक वाचून कळणार नाही, कानालाच सवय व्हावी लागते.

माझी घरमालकीण रिटायर्ड शिक्षिका होती. तिला सगळे म्मा म्हणायचे, मीही म्मा म्हणायचे (मोठ्या पुरुषांना एते, नुसतं नाव घेऊन हाक मारायची नाही). तिने मला पहिले दोन आठवडे शब्द म्हणूच दिले नाहीत, फक्त गुणगुणायला लावलं. ती वाक्य बोलायची, मी तोंड बंद ठेवून फक्त त्याची चाल काढायची, बरोबर आली की मग शब्द. आज कोणी विचारलं तर मी हीच पद्धत सांगते. ती मला 'एयेन मी' म्हणायची, माझं बाळ. तिथे 'मी' म्हणजे माझं, हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं, घरापासून इतकं लांब असताना.

शब्द कसे बनतात ते बघितलं की पाठांतर अर्धं होतं. उफॉक म्हणजे घर, ङ्वेद म्हणजे पुस्तक, तर उफॉक ङ्वेद म्हणजे शाळा, उफॉक इबॉक म्हणजे औषधाचं घर, हॉस्पिटल. उबॉम म्हणजे होडी आणि विमान म्हणजे वाऱ्याची होडी. आकडे विसाच्या हिशोबात चालतात: एदिप वीस, अबा चाळीस, अता साठ, आणि पंधराला एफुत असा वेगळाच शब्द. माझी आजी 'तीन विसा आणि पाच' असं मोजायची, तिची इतकी आठवण आली मला तेव्हा. नावांकडेही लक्ष द्या, ओकॉन रात्री जन्मलेला, एफिऑङ चंद्रावरून, एदेत बाजाराच्या दिवशी जन्मलेला. पहिल्या भेटीत नावाचा अर्थ विचारला की माणसं मनापासून बोलायला लागतात.

स्वयंपाकघरात बसा, खरंच सांगते, सगळ्यात जास्त भाषा मला तिथे मिळाली. एक्पांग न्कुक्वो नावाचा पदार्थ आहे, अळकुड्या किसून तो कीस अळूच्या पानात गुंडाळायचा, त्याच्या बोटाएवढ्या गुंडाळ्या पातेल्यात रचायच्या आणि पाम तेल, सुकी कोळंबी, पेरिविंकल (छोट्या शंखाच्या गोगलगायी) घालून शिजवायचं. अळूवडी करणाऱ्या घरातून गेलेल्या माणसाचा हात लगेच बसतो, आणि चार बायका गोल बसून तासभर पानं गुंडाळतात तेव्हा ज्या गप्पा होतात त्या कुठल्याच वर्गात ऐकायला मिळत नाहीत. एदिकांग इकॉङ हे पालेभाज्यांचं दाट सूप, तेही करायला शिका. आणि काही देताघेताना उजवा हात, हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

परंपरांबद्दल मात्र जपून. एक्पे ही बिबट्याच्या नावाची पुरुषांची सभा, पूर्वी कर्जवसुलीपासून न्यायनिवाड्यापर्यंत सगळं तीच बघायची, आणि न्सिबिदी ही चिन्हांची लिपी तिच्याशी जोडलेली आहे. काही चिन्हं सगळ्यांना माहीत असतात, काहींचा अर्थ फक्त सभासदांना, तेव्हा 'याचा अर्थ काय' असा हट्ट धरू नका, सांगायचं असेल तर ते स्वतः सांगतील. गुलाम म्हणून क्युबाला नेलेल्या इथल्या लोकांनी तिकडे याच सभेचं रूप जिवंत ठेवलं, अबाक्वा, १८३६पासून हवानाजवळ रेग्लात. हे मला कळलं त्या रात्री झोप लागली नव्हती. इबिबियो गावात एक्पोचे मुखवटे निघाले असतील तर आधी घरच्यांना विचारा बाहेर पडू का, फोटो तर विचारल्याशिवाय अजिबात नाही, विशेषतः बायकांनी. पूर्वजांचे आत्मे आहेत ते त्यांच्यासाठी. आणि म्हाताऱ्या बायकांना १९२९च्या एकॉङ इबानबद्दल, म्हणजे बायकांच्या लढ्याबद्दल विचारा, ब्रिटिश कराच्या धास्तीने हजारो बायका रस्त्यावर आल्या होत्या, इकॉत अबासीला गोळीबार झाला, त्याच्या आठवणी घराघरात आहेत.

अडचण एकच मोठी. तरुण मुलं तुमच्याशी इंग्लिश किंवा पिजिनच (इंग्लिशवरून तयार झालेली तिथली बोलभाषा) बोलणार, प्रेमानेच, तुम्हाला सोपं जावं म्हणून. त्यांना पहिल्याच दिवशी हात जोडून सांगा की माझ्याशी एफिकच बोल. नाहीतर सहा महिने राहून तुम्ही उत्तम पिजिन शिकून परत याल. सकाळी दार उघडलं की समोर दिसेल त्याला 'मेसिएरे' म्हणा, मग 'इदेम फो?', अंग कसं आहे तुझं, आणि समोरचा जे काही उत्तर देईल त्याची चाल मनात गुणगुणत बाजारापर्यंत जा.