57 देश, वाटीभर ज्वारी

परभणीत माझी अभ्यासिका आहे. ओआयसीचं, म्हणजे इस्लामिक सहकार्य संघटनेचं नाव निघालं की लेकरं अफगाणिस्तानपासून सदस्य देशांची यादी घोकायला लागतात. चाळिसाच्या पुढं गाडी जात नाही. मग मी यादी काढून घेतो, जगाचा नकाशा फरशीवर अंथरतो आणि एका देशाला एक असे ज्वारीचे 57 दाणे मोजून घ्यायला सांगतो. पंखा आधी बंद करा. एकदा कोमोरोसचा दाणा उडून मादागास्करवर जाऊन बसला, अन् पोरांनी तोच सदस्य म्हणून वहीत उतरवला.

सुरुवात अरब लीगपासून. तिचे सगळे 22 देश इथंही आहेत. सोमालिया, जिबुती, कोमोरोस विसरू नका. मग नावाच्या शेवटी ‘स्तान’ असलेले सातही देश ठेवून टाका. इराण, तुर्कस्तान, अझरबैजान हे तीन (तुर्कस्तानातला ‘स्तान’ आपल्या मराठीचा, तो सातात धरू नका). बांगलादेश, मालदीव, इंडोनेशिया, मलेशिया, ब्रुनेई हे पाच. युरोपात एकटा अल्बानिया. दक्षिण अमेरिकेत गयाना आणि सुरिनाम. हातात 17 दाणे उरले पाहिजेत. ते सगळे आफ्रिकेचे: सेनेगल, गांबिया, गिनी, गिनी-बिसाऊ, सिएरा लिओन, माली, बुर्किना फासो, आयव्हरी कोस्ट, टोगो, बेनिन, नायजर, नायजेरिया, चाड, कॅमेरून, गॅबन, युगांडा, मोझांबिक. पश्चिम किनाऱ्यावरून बोट फिरवत गेलात की बहुतेक ओळीनं लागतात, मोझांबिक तेवढा लांब पडतो.

नुसती यादी आली म्हणून भागत नाही, देश सदस्य होतो कसा हेही परीक्षेत विचारतात. 2008 साली डाकारला मंजूर झालेली सनद धरा. अर्ज करणारा देश संयुक्त राष्ट्रांचा सदस्य हवा, तिथं मुसलमान बहुसंख्य हवेत, सनद मान्य हवी आणि परराष्ट्रमंत्र्यांच्या परिषदेत एकमत हवं. बहुमत चालत नाही. युगांडा, गॅबन 1974 चे, सुरिनाम 1996 चा. तिथं मुसलमान बहुसंख्य नाहीत, पण हे या अटीच्या आधीच आत आलेले. शेवटचा आयव्हरी कोस्ट, 2001 चा. तेव्हापासून आकडा 57 वरच आहे.

इथं पाथरीचा एक पोरगा हमखास विचारायचा, “सर, आपल्याकडं एवढे मुसलमान, मग आपल्याला काहून नाही घेतलं?” प्रश्न रास्त आहे. 2011 च्या जनगणनेत भारतात मुसलमान 17 कोटींवर, म्हणजे 14.2 टक्के, सुरिनाममध्येही प्रमाण साधारण तेवढंच. तेव्हा टक्क्यात उत्तर शोधू नका, 1969 मध्ये जा. 21 ऑगस्टला जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीला आग लावली गेली, त्यावरून महिनाभरात मोरोक्कोच्या रबातला परिषद भरली. भारताला बोलावणं होतं, केंद्रीय मंत्री फखरुद्दीन अली अहमद शिष्टमंडळ घेऊन पोचलेही. पण पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष याह्या खान अडून बसले आणि भारताला बाहेर ठेवून बैठक उरकली. ती तारीख 25 सप्टेंबर, हाच संघटनेचा स्थापना दिवस. आपल्याला लक्षात ठेवायला सोपी: 17 सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनात आठ दिवस मिळवा.

पन्नास वर्षांनी, 1 मार्च 2019 ला सुषमा स्वराज अबुधाबीच्या बैठकीत सन्माननीय पाहुण्या म्हणून बोलल्या. त्या दिवशी उत्साहाच्या भरात मी फळ्यावर लिहिलं, ‘भारत निरीक्षक’. मागच्या बाकावरची पोरगी उठून म्हणाली, सर, पाहुणा वेगळा, निरीक्षक वेगळा. बरोबर होतं तिचं. निरीक्षक म्हणजे रशिया, थायलंड, बोस्निया, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि तुर्की सायप्रस. रशिया सदस्य आहे, असं दरवर्षी कुणीतरी लिहून येतंच.

निलंबित देशाचा दाणा उचलायचा नाही, त्याच्या जागी तूर ठेवायची, कारण मोजणीत तो राहतो. इस्रायलशी तह केला म्हणून इजिप्त 1979 ते 1984 तूर होता. सीरिया 2012 पासून होता, 2025 मध्ये परत ज्वारी झाला. जुन्या नोट्स वापरत असाल तर ही ओळ आजच दुरुस्त करा. संघटनेचं नावही तपासा. 2011 च्या आधीच्या पुस्तकात सहकार्याच्या जागी ‘परिषद’ असेल.

दाणे वाटीत भरताना परत मोजा. 56 भरले तर आधी दक्षिण अमेरिकेत बघा, गयानाचा दाणा बहुतेक तिथंच राहिलेला असतो.